पहिली-दुसरीच्या मुलांना टॅब स्वतःचा स्वतः वापरता यावा यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वर्गात पाच टॅब आहेत आणि तासभर "बाई, हे होत नाही" एवढंच ऐकू येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते, त्यामुळे हे रोजचंच.

माझं मत विचाराल तर ॲप उघडायला शिकवण्याआधी परत यायला शिकवा. मूल अडतं ते बहुतेक वेळा नको तिथे गेल्यावर. पहिले काही दिवस आमच्याकडे एकच खेळ असतो: कुठेही जा आणि घरी, म्हणजे पहिल्या स्क्रीनवर, परत या. घर, बाण, फुली ही चिन्हांची नावं तेव्हाच पक्की होतात. मग "होत नाही" ऐवजी "बाण दाबला तरी मागे जात नाही" असं ऐकू येतं आणि त्यावर काहीतरी करता येतं. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करून मुलाला एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवता येतं. सुरुवातीला ते ठीक आहे, पण कायम तसंच ठेवलं तर परतीची वाट कळणार कशी?

काही अडचणी मुलांच्या नसतातच. दीक्षा हे शाळेच्या धड्यांचं सरकारी ॲप पहिल्यांदा उघडलं की भूमिका (शिक्षक की विद्यार्थी), शिक्षण मंडळ, माध्यम, इयत्ता विचारतं. ते आपण आधीच भरून ठेवायचं आणि लागणारे धडे डाउनलोड करून ठेवायचे. स्क्रीन फिरणं बंद करा. पहिल्या पानावर तीन-चारच चिन्हं ठेवा.

आता हातांचं. लहान मुलं टॅब दोन्ही हातांनी घट्ट धरतात, एक अंगठा काचेच्या कडेवर टेकलेला असतो आणि मग दुसऱ्या बोटाचा स्पर्श नीट लागत नाही. खिचडी खाऊन हात धुतल्यावर ओल्या बोटांचंही तेच. म्हणून टॅब बाकावर आडवा ठेवायचा आणि हात पुसून बसायचं. काही मुलं चिन्ह दाबूनच धरतात, मग ते जागेवरून हलतं. "टिचकी मार" म्हटलं की जमतं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करताना टॅब पानाला चिकटवतात. वीतभर वर धरायला सांगा, आणि सावली पडू देऊ नका.

मदतीचा आमचा नियम असा: आधी शेजारच्याला विचारायचं, मग त्या दिवसाच्या टॅबप्रमुखाला, मग बाईंना. मदत करणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त तोंडाने सांगायचं. हा नियम पाळून घेणं सगळ्यात अवघड, कारण हुशार मुलं टॅब खेचून घेतात आणि मोकळी होतात. (प्रशिक्षणात आम्ही शिक्षकही एकमेकांचा मोबाइल असाच ओढतो!) प्रमुख रोज बदला, बुजऱ्या मुलांनाही पाळी द्या. आणि हो, नियम तुम्हालाही लागू: हात मागे.

पासवर्ड, अपडेट, चार्जिंगची पिन या गोष्टी मात्र मी अजून मुलांवर सोडत नाही.