टर्मिनलमध्ये चालणारा एआय कोडिंग सहायक वापरायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: एडिटरमध्येच कोड लिहिण्याची सवय असलेल्या माणसाने टर्मिनलमधला (म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीतला) एआय सहायक वापरायला सुरुवात कुठून करावी, आणि तो चालू प्रोजेक्टची वाट तर लावणार नाही ना. मी दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर नीट मिळाले की पहिलीचे बरेचसे आपोआप मिळते.

ब्राउझरमधल्या चॅटला तुम्ही कोड चिकटवता, तो मजकूर परत देतो आणि तो फाइलमध्ये नेण्याचे काम तुमचेच राहते. टर्मिनलमधल्या सहायकाच्या बाबतीत ही मधली पायरी नाहीशी होते. तुमच्या संगणकावरचा एक प्रोग्राम तुमची विनंती एआय पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरील मॉडेलकडे पाठवतो. मॉडेल ‘अमुक फाइल वाच’, ‘तमुक कमांड चालव’ असे सांगते. प्रोग्राम ते करून निकाल परत पाठवतो. आणि काम झाले असे मॉडेलला वाटेपर्यंत हे चक्र सुरू राहते. यातून दोन गोष्टी ओघाने येतात. एक म्हणजे तो तुमच्याच खात्याच्या अधिकारांनी चालतो, त्यामुळे टर्मिनलमधून तुम्हाला जे करता येते ते, तुम्ही परवानगी दिलीत तर, त्यालाही करता येते. दुसरी म्हणजे त्याने वाचलेल्या फाइलींचा मजकूर तुमच्या संगणकाबाहेर जातो. कोड तुम्ही जिथे काम करता त्या कंपनीच्या मालकीचा असेल तर पहिली पायरी इन्स्टॉलेशन ही नसून संबंधितांची परवानगी घेणे ही आहे.

परवानगीचा प्रश्न नसेल, तर त्यानंतरची पायरी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन. प्रोजेक्ट गिटमध्ये नसेल तर तो आधी गिटमध्ये आणा. असेल तर सगळे बदल कमिट करून (इतिहासात नोंदवून) स्वतंत्र ब्रांच (बदलांची वेगळी शाखा) काढा आणि मगच सहायक सुरू करा. असे केले की त्याने काय बदलले हे ‘गिट डिफ’मध्ये ओळीओळीने दिसते आणि न पटलेले टाकून देता येते. मात्र गिट कशाचे रक्षण करत नाही, हेही ठाऊक असावे. गिट-इग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नोंदवलेल्या फाइली, स्थानिक डेटाबेस, प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेरच्या गोष्टी आणि प्रत्यक्ष वापरात असलेल्या सर्व्हरवर झालेले बदल गिटमुळे परत येत नाहीत. म्हणून ज्या फोल्डरात खऱ्या डेटाबेसचे पासवर्ड पडलेले आहेत, तिथे पहिला प्रयोग करू नये.

कोणता सहायक निवडावा यावर फार वेळ घालवू नका, असे माझे मत आहे. अँथ्रॉपिकचा क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, ओपनएआयचा कोडेक्स सीएलआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणि गूगलचा जेमिनी सीएलआय जूनमध्ये. एडर हा मुक्तस्रोत पर्याय त्यांच्याही आधीपासून आहे आणि स्वतः केलेला प्रत्येक बदल आपणहून गिटमध्ये कमिट करणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. कामाची पद्धत सगळ्यांची जवळपास सारखीच असल्यामुळे एकावर बसलेला हात दुसऱ्यावरही चालतो. पैशांचा हिशेब मात्र दोन प्रकारांनी होतो: ठरावीक रकमेची सदस्यता किंवा एपीआय की (मॉडेल वापरण्यासाठी मिळणारी खासगी किल्ली) वापरून टोकननुसार, म्हणजे मॉडेलने वाचलेल्या व लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यांनुसार, होणारी आकारणी. दुसरा मार्ग घेतलात तर खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी घालून ठेवा, कारण मोठ्या प्रोजेक्टमध्ये सहायक एका प्रश्नासाठी डझनावारी फाइली वाचू शकतो. इन्स्टॉलेशनची कमांड अधिकृत दस्तऐवजातूनच घ्या आणि एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजे आणणाऱ्या साधनाने) इन्स्टॉल करत असाल तर पुढे ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावू नका. विंडोजवर काही अडले तर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याच्या सोयीतून) चालवून पाहा.

आता पहिली बैठक. टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरात जा (होम फोल्डरात नव्हे, कारण तिथून त्याला तुमचे सगळेच दिसते) आणि तिथे सहायक सुरू करा. या बैठकीत त्याच्याकडून एक ओळही लिहून घेऊ नये. त्याला फक्त वाचायला लावावे. तेही तुम्हाला पुरते ठाऊक असलेल्या भागाबद्दल. उदाहरणार्थ: ‘लॉगिनची विनंती आल्यापासून सेशन तयार होईपर्यंत कोणकोणती फंक्शने चालतात ते फाइल व ओळ क्रमांकासह सांग, काहीही बदलू नकोस.’ उत्तर तुम्हाला आधीच माहीत असल्यामुळे तो कुठे अचूक आहे, कुठे अंदाज बांधतो आणि कुठे न वाचताच ठामपणे बोलतो, हे लगेच कळते. हीच पारख पुढे अनोळखी कोडवर त्याचे किती ऐकावे हे ठरवायला उपयोगी पडते. बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि थेट नवे फीचर मागतात. मग आलेले तीनशे ओळींचे उत्तर तपासायचे कसे, याचे त्यांच्याकडे काहीच मोजमाप नसते.

यानंतर सूचनांची फाइल तयार करावी. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ (CLAUDE.md) वाचतो, कोडेक्स ‘एजंट्स डॉट एमडी’ (AGENTS.md) आणि जेमिनी सीएलआय ‘जेमिनी डॉट एमडी’ (GEMINI.md). टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम) कोणत्या कमांडने चालतात, बिल्ड कसा होतो, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही आणि कोड पाहून लक्षात येणार नाहीत असे संकेत कोणते, एवढेच तिथे लिहा. क्लॉड कोडमध्ये ‘स्लॅश इनिट’ ही आज्ञा तिचा कच्चा मसुदा करून देते. त्यातला जो भाग कोड वाचून कळतोच, तो मी काढून टाकतो. ही फाइल प्रत्येक बैठकीत मॉडेलकडे जाते, त्यामुळे ती लांबली की महत्त्वाची सूचना बिनमहत्त्वाच्या गर्दीत हरवते.

पहिला बदल लहान असावा आणि तो बरोबर झाला की नाही हे यंत्राला तपासता यावे. ‘तारखांमध्ये गडबड आहे, दुरुस्त कर’ असे सांगितले तर तो काहीतरी नक्कीच दुरुस्त करील, पण ते तुमच्या मनातले असेलच असे नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘३१ जानेवारीत एक महिना मिळवला की ३ मार्च येतो, २८ फेब्रुवारी यायला हवा, आणि लीप वर्षी २९. आधी ही चूक पकडणारी टेस्ट लिही, ती नापास होते हे चालवून दाखव, मगच फक्त त्या फंक्शनमध्ये दुरुस्ती कर.’ (जावास्क्रिप्टमध्ये महिना नुसता एकने वाढवला तर नेमके हेच घडते.) या सूचनेत अपेक्षित निकाल आहे, कामाची हद्द आहे आणि काम संपल्याची खूणही आहे. ही खूण सर्वांत मोलाची, कारण टेस्टचा निकाल पाहून सहायक स्वतःची चूक स्वतःच सुधारू शकतो. ती नसेल तर त्याने ‘झाले’ म्हटले की तुम्हाला ते मान्य करावे लागते.

टेस्ट पास झाल्या तरी डिफ वाचायचाच, आणि त्यात आधी टेस्टच्या फाइली पाहायच्या. कधी कधी कोड सुधारण्याऐवजी टेस्टमधली अपेक्षाच बदललेली आढळते, एखादी टेस्ट वगळलेली असते, किंवा सगळ्या त्रुटी गिळून टाकणारा ‘ट्राय-कॅच’ घातलेला असतो. समजला नाही असा बदल कमिट करू नये.

सहायक कमांड चालवण्यापूर्वी परवानगी विचारतो आणि ‘यापुढे विचारू नकोस’ असाही पर्याय देतो. फाइल शोधणे, वाचणे, टेस्ट चालवणे यांसाठी तो पर्याय द्यायला माझी हरकत नसते. फाइली पुसणे, ‘गिट पुश’ (कमिट सर्व्हरवर पाठवणे), नवे पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) आणणे आणि नेटवर्कवर काही पाठवणे यांसाठी मात्र प्रत्येक वेळी विचारू द्यावे. पॅकेजचा उल्लेख मुद्दाम केला, कारण मॉडेल कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव सुचवते आणि अशी नावे आपल्या नावावर नोंदवून त्यांत घातक कोड ठेवणारे लोक आहेत. बाहेरून उतरवलेल्या रीडमीमध्ये किंवा वेबपानावर सहायकाला उद्देशून सूचना लपवलेल्या असू शकतात, हे दुसरे कारण. सर्व परवानग्या एकदम उठवणाऱ्या क्लॉड कोडच्या पर्यायाच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द घातलेला आहे. वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून अलग केलेल्या बंदिस्त वातावरणात) असाल तरच त्याचा विचार करा.

संवाद लांबत गेला की उत्तरांचा दर्जा घसरतो, हे लवकरच अनुभवाला येईल. मॉडेलला एका वेळी दिसणाऱ्या मजकुराला मर्यादा असते, आणि त्यात फसलेले जुने प्रयत्नही जागा अडवून बसतात. म्हणून नव्या कामासाठी नवी बैठक सुरू करावी. तीच चूक दोनदा दाखवावी लागली, तर तिसऱ्यांदा समजावत बसू नका; संवाद पुसा आणि आतापर्यंत जे कळले ते घालून सूचना नव्याने लिहा. तो भलत्या दिशेला निघालेला दिसला, तर एस्केप दाबून मध्येच थांबवता येते. अनेक फाइलींना स्पर्श करणारे काम असेल तर आधी फक्त योजना मागा आणि ती दुरुस्त करून घ्या. चुकीची योजना वाचून काढायला दोन मिनिटे लागतात, तिच्यातून निघालेला कोड उलगडायला अख्खी दुपार.

एडिटर सोडावा लागेल, अशी धास्तीही तुमच्या प्रश्नात जाणवते. तसे काही नाही. टर्मिनलमधला सहायक थेट डिस्कवरच्या फाइलींवर काम करत असल्यामुळे कोणताही एडिटर शेजारी उघडा ठेवून त्यात बदल पाहता येतात. फक्त त्याला काम सांगण्यापूर्वी एडिटरमधल्या फाइली जतन करून ठेवा. नाही तर तो जुनी प्रत वाचेल आणि नंतर तुम्ही जतन केलेला मजकूर त्याच्या बदलांवर जाऊन बसेल.