वाचकांचे प्रश्न : फेस पेंटिंग शिकायचंय आणि त्यावर चार पैसे पण मिळवायचेत

मागच्या अंकात घरबसल्या करता येणाऱ्या कामांवर लिहिलं होतं त्यात फेस पेंटिंगचं, म्हणजे चेहऱ्यावर रंगानं चित्रं काढायच्या कामाचं, नाव एका ओळीत येऊन गेलं, आणि पत्रं, मेसेज सगळे त्या एका ओळीवरच आले. बेळगाव, खानापूर, निपाणी, पार अथणीपर्यंतचे लोक विचारायलेत. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र करून इथं घेतलेत.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): मी लग्नाच्या, बारशाच्या मेंदीच्या ऑर्डर घेतो, रांगोळी पण बरी काढतो म्हणतात सगळे. आता वाढदिवसवाले फेस पेंटिंग पण करता काय म्हणून विचारायलेत. इथं तसा क्लास कुठं दिसेना आणि पुण्याला जाऊन रहायला घरचे सोडणार नाहीत. व्हिडिओ बघून जमतंय काय?

उत्तर: जमतंय की ताई, न जमायला काय झालं. तुमचा हात बसलाय, डिझाइनची जागा डोळ्याला कळते, निम्मं काम तिथंच झालंय. फक्त मेंदीवाल्यांना एक सवय सोडावी लागते. कोनाची रेघ जवळपास एकाच जाडीची येते, ब्रशचं तसं नाही, ब्रश दाबला की त्याचं पोट कातडीवर बसतं आणि रेघ फुगते, ओढत ओढत उचलला की बारीक होत होत टोकाला संपते. हा जो जाड सुरू होऊन बारीक संपणारा थेंब आहे ना, त्याच्यावरच सगळं फेस पेंटिंग चालतं, फुलाची पाकळी तोच, वाघाचा पट्टा तोच, फुलपाखराच्या पंखाची किनार पण तोच. तो हातात बसेपर्यंत दुसरं काय शिकू नका असं मी म्हणेन.

आता तो कसा काढायचा. गोल टोकाचा ब्रश घ्या, ३ नंबर आणि ५ नंबर असे दोन पुरे. ब्रश ओला करायचा, जास्तीचं पाणी डब्याच्या काठाला पुसायचं आणि रंगाच्या वडीवर गोल गोल फिरवत रहायचं, रंग सायीइतका दाट झाला पाहिजे, पातळ राहिला तर रेघ ओघळते आणि फार घट्ट झाला तर मधेच तुटते. ब्रश लिहायच्या पेनासारखा आडवा धरू नका, कातडीला उभा धरा. आणि करंगळी पोराच्या गालावर नाहीतर हनुवटीवर टेकवून ठेवा, म्हणजे पोर हललं तरी तुमचा हात त्याच्याबरोबरच हलतो, रेघ वाकडी जात नाही. व्हिडिओत ही करंगळी दिसते पण सांगत कुणी नाही.

स्पंजचं काम बेससाठी, म्हणजे डिझाइनच्या खालच्या रंगाच्या थरासाठी. स्पंजचा एक कोपरा भिजवून घट्ट पिळायचा, वडीवर घासायचा आणि चेहऱ्यावर थापटत लावायचा, पुसल्यासारखा ओढायचा नाही, ओढला की पट्टे उठतात. वाघ करायचा असेल तर मध्ये पिवळा, कडेनं केशरी, दोन्ही ओले असतानाच थापटून एकमेकांत मिसळायचे, मग भुवयांच्या वर आणि तोंडाभोवती पांढरा, आणि हे वाळल्यावर काळे पट्टे बाहेरून आत ओढायचे. काळा नेहमी शेवटी, त्याच्याही नंतर दोन-चार पांढरे ठिपके दिले की डिझाइन एकदम उठतं. कपाळापासून सुरू करून तोंडाचा भाग सगळ्यात शेवटी घ्या, कारण पोरं ओठ चाटत बसतात.

प्रॅक्टिसला पोरं शोधत फिरायला नको. चेहऱ्याचं चित्र कागदावर छापून पारदर्शक प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला आणि वरून रंगवा, पुसा, परत रंगवा. मधेमधे स्वतःच्या हातावर, मांडीवर करा कारण प्लास्टिक आणि कातडी सारखी नाही. डिझाइन पन्नास शिकायच्या नादाला लागू नका, पाच-सहाच घ्या पण प्रत्येक पाच मिनिटांत झालं पाहिजे. फुलपाखरू, वाघ, कोळ्याचं जाळं, युनिकॉर्न, आणि मोरपीस नक्की ठेवा, आपल्याकडं मोरपीस आयांना पण आवडतं आणि ठरवतात त्याच.

एक राहिलं, तुम्ही मेंदीवाल्या म्हणून मुद्दाम सांगतो, तासाभरात काळीभोर रंगते म्हणून जी काळी मेंदी मिळते ती पोरांना अजिबात लावू नका. त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं हेअर डायमधलं केमिकल असतं, त्यानं फोड येतात, आणि एकदा अॅलर्जी बसली की पुढं आयुष्यभर केसांचा डाय लावला तरी त्रास होतो.

प्रश्न (निपाणी): कॉलेजला आहे, फाइन आर्टची आवड आहे. कापडावरचे अॅक्रिलिक रंग घरी आहेतच, बाटलीवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय. तेच वापरले तर चालतील ना? फेस पेंटचे रंग फार महाग आहेत.

उत्तर: नाही चालत. नॉन-टॉक्सिक लिहिलेलं असतं ते रंग सांगितलेल्या कामाला वापरला तर विषारी नाही एवढ्यापुरतं, पोराच्या गालावर तीन तास राहिला तर काय होतं हे त्यात येत नाही. अॅक्रिलिक वाळला की त्याचं प्लास्टिकचं पापुद्र्यासारखं साल होतं, काढताना बारीक लव उपटून येते, कातडी लाल होते. पोस्टर कलर, वॉटर कलर, स्केचपेन पण कातडीसाठी केलेले नाहीत, ते पण नकोत. आणि रांगोळीची, क्राफ्टची चमकी तर डोळ्याच्या आसपास पण नको, तिचे कण धारदार असतात, डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडतो. चमकी हवीच तर कॉस्मेटिक ग्रेडची बारीक घ्यायची, ती पण गालापर्यंतच.

महागाचं म्हणशील तर सुरुवातीला सगळे रंग लागतातच कुठं. पांढरा आणि काळा मोठा घे, ते सगळ्यात आधी संपतात, बाकी लाल, पिवळा, निळा, हिरवा छोटे. मिसळून केशरी, जांभळा होतोच. स्नॅझारू, मेहरॉन, क्रायोलान ही नावं ऑनलाइन सापडतील. क्रायोलान नाटकवाल्यांच्या ओळखीचं, १९४५ साली बर्लिनला सुरू झालेली कंपनी. तिचे अॅक्वाकलर पाण्यावरचे आणि सुप्राकलर तेलावरचे, ऑर्डर देताना हे नीट बघ, पोरांसाठी पाण्यावरचेच पाहिजेत. डबीवर घटकांची यादी, बॅच नंबर, मुदत आणि बाहेरचा माल असेल तर आयातीचा रजिस्ट्रेशन नंबर असतो. यातलं काहीच नसेल तर स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नको.

प्रश्न (खानापूर तालुका): आमचं मंडळ दरवर्षी शिवजयंतीच्या चित्ररथात भाग घेतं. पोरांना मावळे करतो, दाढी-मिशा, जखमा सगळं रंगवतो. आमच्या आज्जाच्या वेळेपासून मुर्दाडशिंग आणि झिंक पावडर तेलात खलून लावतात. तेच चालू ठेवू काय? शिवाय वळीव आला तर सगळा रंग उतरतोय.

उत्तर: दादा, मुर्दाडशिंग आज्जाबरोबरच जाऊ दे. ते शिशाचं ऑक्साईड आहे, सरळ शिसं. जुन्या तमाशा-सोंगाड्यांनी आयुष्यभर वापरलं कारण दुसरं काय मिळत नव्हतं, आता मिळतंय. शिसं अंगात साठत जातं आणि लहान पोरांना त्याचा धोका सगळ्यात जास्त.

मावळ्याला चेहरा भरून रंग लागतच नाही, तिथंच लोक चुकतात. आपली पोरं उन्हात खेळून तयारच असतात, त्यांना बेस कशाला. दाढीसाठी जाळीदार खडबडीत स्पंज मिळतो, स्टिपल स्पंज म्हणतात, त्याला काळा आणि थोडा तपकिरी रंग अगदी कोरडा लावून हनुवटीवर टेकवला की खुंट वाढल्यासारखे ठिपके उठतात, लांबून खरी दाढी वाटते. मिशीला ३ नंबरचा ब्रश, नाकाखालून बाहेर एकेक केस ओढल्यागत. चंद्रकोर मात्र हात स्थिर असणाऱ्यालाच काढायला द्या. जखम करायची तर आधी गडद तपकिरी रेघ, तिच्यात लाल, एका कडेला बारीक पांढरी, एवढ्यात खोल दिसते.

पावसाचं म्हणाल तर पाण्यावरचा रंग पाण्यानं जाणारच. रंग वाळल्यावर साधी बिनवासाची फेस पावडर हलक्या हातानं थापटा, त्यानं घामाला टिकतो. मेकअप सेटिंग स्प्रे डोळे मिटवून लांबून मारला तर शिंतोड्यांना पण टिकेल, धो धो वळवाला काही टिकत नाही. आपली मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, तेव्हा एक जण काळा रंग, ब्रश आणि स्पंज पिशवीत घेऊन रथाबरोबर चालत राहू दे.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): शिकून झालंय, घरच्या-सोसायटीच्या कार्यक्रमात फुकट केलं. आता पैसे कसे सांगायचे कळेना. रजिस्ट्रेशन, लोन, बोर्ड वगैरे लागतंय का? आणि गिऱ्हाईक कुठून आणायचं?

उत्तर: आधी स्वतःचा वेग मोजा, रेट त्यावरच ठरतो. गालावरचं छोटं डिझाइन चार-पाच मिनिटांत होतं, म्हणजे तासाला बारा-पंधरा पोरं. पूर्ण चेहरा करत बसलात तर तासाला सहा झाली तरी खूप. म्हणून वाढदिवसाला पोराच्या हिशोबानं पैसे सांगू नका, तासाचे सांगा, आणि सांगताना 'तासात अंदाजे बारा गाल होतील' हे पण सांगा, नाहीतर वाढदिवसवाले चाळीस पोरं गोळा करून ठेवतात आणि केक कापायची वेळ झाली की सगळे तुमच्या डोक्यावर. माझं मत विचाराल तर बेळगाव शहरात तासाला हजाराच्या खाली सुरू करू नका, जायचा-यायचा खर्च वेगळा, निम्मे पैसे आधी. ओळखीचे म्हणून कमी करायचे असतील तर एक डिझाइन जादा द्या पण रेट पाडू नका, एकदा पडलेला रेट वर चढत नाही. जत्रेत, शाळेच्या फन फेअरमध्ये मात्र पोरामागे घ्यायचे, तिथं पन्नास रुपयांच्या वर लोक थांबत नाहीत.

कागदपत्रांचं फार टेन्शन नको. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंट पैसे मागत असेल तर उठून या. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी, तिथं पोचलात तर पेढे द्या. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं पण या कामाला कर्ज काढायची गरजच नाही, पहिल्या दोन-तीन ऑर्डरीत किटचे पैसे निघतात. पुढं पार्लर, ब्रायडल मेकअपची जोड द्यायची असेल तर आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा. १९८२ साली उजिरेला रुडसेट संस्था सुरू झाली, त्या धर्तीवर बँका जिल्ह्याजिल्ह्यात या संस्था चालवतात आणि ट्रेनिंग फुकट असतं. दुकान घालून बोर्ड लावणार असाल तर बोर्डावर ६० टक्के कन्नड असायचा कर्नाटकाचा नियम आहे, तो पाळा, उगाच नोटीस कशाला.

स्टॉलवर लिखापढीपेक्षा चित्रांचा चार्ट ठेवा. आपल्याकडं रांगेत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकामागे एक असतात, चित्रावर बोट ठेवलं की विषय संपला. 'कण्णु मुच्चु' आणि 'अलुगाडबेड', डोळे मीट आणि हलू नको, एवढं कन्नड आलं तरी दिवस निघतो. चार्टवर बारापेक्षा जास्त चित्रं नकोत, पोरं ठरवण्यातच पाच मिनिटं घालवतात.

गिऱ्हाईक केकवाल्यांकडून आणि बलून डेकोरेशनवाल्यांकडून येतं, त्यांच्याशी आधी ओळख करा. सिझन म्हणाल तर गणपती, डिसेंबर-जानेवारीतली शाळांची गॅदरिंग, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, क्रिकेटच्या मोठ्या मॅचा. तिरंगा काढताना केशरी वर, हिरवा खाली, घाईत उलटा झाला तर मोठी पंचाईत, आणि गालावर चक्राचे २४ आरे बसवायला जाऊ नका, तीन पट्टे पुरेत. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या गर्दीत कन्नड झेंड्याच्या लाल-पिवळ्याला मागणी असते. तुमच्या घरात त्या दिवशी सीमाप्रश्नाचा काळा दिवस पाळत असतील तर स्टॉल लावू नका, लावणार असाल तर तोंड वाकडं न करता लावा, ज्याचं त्यानं ठरवायचं.

स्वच्छतेचं तेवढं आयांना दिसेल असं करा. प्रत्येक पोराला वेगळा स्पंज, म्हणजे वीस-पंचवीस छोटे तुकडे आधीच कापून नेलेलेच पाहिजेत, वापरलेले वेगळ्या पिशवीत, घरी येऊन साबणानं धुऊन कडक वाळवायचे. पाणी सारखं बदला. तीन वर्षांच्या आतलं पोर, अंगात ताप, डोळे आलेले, तोंडावर पुरळ किंवा जखम असेल तर सरळ नाही म्हणा, हातावर काढून द्या फारतर हसत हसत. पुरळावर रंगवलं तर उद्या तुमच्याच रंगानं आलं म्हणतील.

प्रश्न (अथणी): जत्रेत मुलीच्या चेहऱ्यावर फुलपाखरू काढून घेतलं. ओल्या वाइप्सनं घासून काढलं तर गाल लाल झाला आणि निळा डाग राहिलाच. डॉक्टरकडे नेऊ का?

उत्तर: वाइप्सनं घासल्यानं पण लाल होतं, बऱ्याचदा तासा-दोन तासांत उतरतं. पण खाज, सूज, फोड असतील तर थांबू नका, दाखवा. पुढच्या वेळी आधी खोबरेल तेल किंवा बेबी शाम्पू बोटानं हलकं चोळायचं, दोन मिनिटं ठेवायचं आणि कोमट पाण्यानं धुवायचं. निळा, हिरवा, लाल रेंगाळतोच, एक-दोन आंघोळीत जातो. कातडी नाजूक असेल तर रंगवायच्या आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून २४ तास बघायचं, जत्रेत हे शक्य नसतं म्हणून तिथं हातावरच काढून घ्या.

प्रश्न (चिकोडी): पावसाळ्यात डबीतल्या रंगांवर पांढरी बुरशी आली. वरचं खरवडून वापरू का?

उत्तर: नको, टाका ती वडी, वर दिसते तेवढीच बुरशी नसते. काम झाल्या झाल्या ओल्या वडीवर झाकण लावता त्यानं हे होतं. रात्रभर उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा, मग बंद करा, आणि जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नव्या चपला-बुटांच्या खोक्यात निघतात त्या. ब्रश पण पाण्याच्या ग्लासात उभे सोडू नका, आडवे वाळवा.