"काही नाही" नको, ताप किती ते सांग

प्रिय पोरी,

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही बाई, जरा कणकण आहे." मग हळूच म्हणालीस, "आईला सांगू नका, उगाच घाबरेल." फोन ठेवल्यावर मला नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले आहे.

वसतिगृहाची रेक्टर होते त्या अकरा वर्षांत हे "काही नाही" मी फार ऐकलं. गावाकडून शिकायला आलेल्या मुली दुखणं अंगावर काढण्यात तरबेज असतात. घरून पैसे मोजून येतात, सबमिशन डोक्यावर असतं, त्यात डॉक्टरची फी कुठून आणायची? त्यांची अडचण मला कळते. तरी एक प्रसंग तुला सांगायलाच हवा.

सप्टेंबर महिना होता. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी चार दिवस तापाने फणफणली होती आणि रूम पार्टनरशिवाय कुणाला पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी ती मला जिन्यात भेटली. सगळं कळल्यावर मी तिच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ गार. मीच म्हणाले, "चला, सुटलीस." संध्याकाळी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या थांबेनात, आणि बेसिनशी चूळ भरली तर पाणी लाल. डेंग्यू होता. आठ दिवस सलाईनवर होती, वाचली. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे मला त्या सकाळी माहीत नव्हतं. मुलींची जबाबदारी घेतलेल्या बाईला ते माहीत असायला हवं होतं. ती सल अजून आहे.

म्हणून आधी थर्मामीटर. हात लावून ताप कळत नाही. सकाळ-संध्याकाळ मोज आणि वहीत तारीख घालून लिही. डॉक्टरला त्या चार ओळींचा फार उपयोग होतो. ताप किंवा अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल घे. 500 मिलिग्रॅमची असो की 650ची, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेव आणि दिवसात चारच्या वर जाऊ नकोस. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरं वाच. आणि पावसाळ्यातल्या तापात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नको. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढतो. ताप तिसऱ्या दिवशीही असेल तर लेक्चर बुडवून डॉक्टरकडे जायचं. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, कुठूनही रक्त आलं, फार गळून गेल्यासारखं झालं, तर दिवस मोजत बसायचं नाही, त्याच घटकेला निघायचं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी रेक्टरचं दार वाजव. ते दार त्यासाठीच असतं.

खोलीतली बादली दर आठवड्याला घासून कोरडी कर. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो.

मेसच्या जेवणाने पोट बिघडणं हे तर ठरलेलंच. तेव्हा जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. बांगलादेश युद्धाच्या वेळी, 1971 साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नळाने द्यायला सुरुवात केली आणि हजारो जीव वाचले. तीच पुडी आज मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळते. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. मुली ती ग्लासभर पाण्यात ढवळून पितात, त्याने जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट घे, चोवीस तासांनी उरलेलं टाकून दे. सोबत मुगाची खिचडी, ताक-भात. शौचात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टर.

मैत्रिणीच्या डब्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मात्र कधीच नाही. साध्या सर्दीच्या विषाणूवर त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

आता चहाबद्दल. गणिताचा एम-टूचा पेपर राहिल्यापासून तू रात्री तीनपर्यंत जागतेस आणि चार-पाच कप चहा होतो, हे तूच सांगितलंस. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. मग पडल्यावर डोळा लागत नाही आणि रात्रभर केलेली गणितं सकाळी आठवत नाहीत, कारण वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. शिवाय जेवणावर लगेच चहा घेतला की जेवणातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं आहे. जिना चढताना तुला धाप लागते ती अभ्यासाच्या ताणाने असेलच असं नाही. एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. जेवणावर लिंबू पीळ, चहा दीड तासाने.

आणि त्या पेपराचं. पेपराच्या आदल्या दिवशी पोट बिघडणं, छातीत धडधडणं, हे सोंग नव्हे. ताण शरीरातूनच बोलतो. संध्याकाळी अर्धा तास फोन खोलीत ठेवून चालून ये. बॅकलॉग लागल्याचं घरी सांगितलं नाहीस, त्याचं ओझं पेपरापेक्षा जड झालं आहे, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. आईला सांग. एकटीने जमत नसेल तर रविवारी फोन कर, मी तिच्याशी बोलायला सोबत असेन. दोन आठवडे झोप, भूक, कशातच मन लागत नसेल तर समुपदेशकाकडे जा. आणि कधी जगूच नये असं मनात आलं तर त्याच क्षणी मला उठव, किंवा 14416 ला फोन लाव. ती केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे, 2022 पासून चोवीस तास चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

उद्याच्या एसटीने तुझा भाऊ येतो आहे, त्याच्याबरोबर मेतकूट, थर्मामीटर आणि जलसंजीवनीच्या सहा पुड्या देते आहे. आज तापाचा तिसरा दिवस ना? संध्याकाळी सहाला रूम पार्टनरच्या थर्मामीटरने मोज आणि मला आकडा कळव.

तुझ्या,
बाई