सोरायसिसचा चट्टा बरा होऊन पुन्हा नेमका त्याच जागी का उठतो?

कारण चट्टा जातो, पण त्या जागेची 'आठवण' जात नाही. ओरखडा, घशातला संसर्ग, ताण अशा कुठल्यातरी निमित्ताने त्वचेतल्या पहारेकरी पेशी चेकाळतात आणि आयएल-२३ हे रसायन सोडतात. त्यामुळे टी-पेशी (शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी) जाग्या होऊन आयएल-१७ हे दुसरं रसायन ओततात. आयएल-१७ मुळे वरच्या थरातल्या पेशी भराभर वाढतात. एरवी महिनाभर चालणारी कात टाकण्याची क्रिया चार-पाच दिवसांत उरकते, म्हणून तो चंदेरी कोंडा. गंमत म्हणजे (रुग्णाला कसली गंमत!) या वाढलेल्या पेशी स्वतःच नवे संदेश सोडून आणखी टी-पेशी बोलावतात. चक्र सुरूच.

मलमाने लाली ओसरते, पण काही टी-पेशी तिथेच मुक्काम ठोकतात. त्यांना रहिवासी स्मृतिपेशी म्हणतात. वर त्वचा नितळ दिसते, खाली त्या वर्षानुवर्षं बसून असतात, आणि जरा निमित्त मिळालं की तीच जागा पेटते.

म्हणूनच मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टिरॉइडची ट्यूब मनाने लावू-थांबवू नका; एकदम बंद केली तर आजार उसळू शकतो. आणि हो, हा संसर्गजन्य नाही. टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही.