पत्त्याला काय ठाऊक, बाई की बुवा?

प्रश्न : ताई, मी खानापूरची. दिवाळीनंतर नवरा आणि त्याच्या मित्रांबरोबर चोर्ला घाटातून पणजीला गेले होते. मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर ब्लॅकजॅकला (पत्त्यांची बेरीज 21च्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही, असा डीलरविरुद्धचा खेळ) शेवटच्या खुर्चीत बसले. माझे 12, डीलरचा उघडा पत्ता 3. मी पत्ता मागितला, राजा आला (म्हणजे दहा), 22 होऊन मी जळाले. डीलरचे मात्र 21 झाले. शेजारचे गृहस्थ मला नाही, नवऱ्याला म्हणाले, “वहिनींना स्लॉट मशीनवर बसवा की, डाव बिघडवला!” चूक माझी होती का?

उत्तर : नाही गं. 12 वर समोर 3 असेल तर पत्ता घेणंच बरोबर. समोर 4, 5 किंवा 6 असता तर थांबायचं. शेवटच्या खुर्चीतला माणूस डीलरच्या अगदी आधी खेळतो, म्हणून तो डीलरला जाणारा पत्ता ‘खातो’ ही जुनीच समजूत. पुढचा पत्ता कुणालाच दिसत नाही, म्हणून तो जितक्यांदा बिघडवतो तितक्यांदाच तारतोही. तेव्हा कुणी “वहिनी, वाचवलंत” म्हणालं?

आमची शहापूरची आजी झब्बूत तीन मुलग्यांना रडवायची. तिला कुणी मशीनवर बसवलं नाही, अर्थात मशीनही नव्हतं!

ते गृहस्थ डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स (डीलरचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा निघेल अशी वेगळी पैज) घेत होते का, आठवून बघ. सहा जोडांच्या 312 पत्त्यांत दहाच्या किमतीचे (दहा, गुलाम, राणी, राजा) 96 असतात. एकाला दोन मिळणाऱ्या त्या पैजेत बरोबरी साधायला 104 लागले असते, म्हणजे ती पैज तोट्याचीच. आणि हो, खेळ कितीही नीट खेळलीस तरी शेवटी पारडं बोटवाल्यांकडेच झुकतं. पुढच्या खेपेला नवऱ्याला शेवटच्या खुर्चीत बसव, आणि त्याला कोण काय म्हणतं ते मला कळव.