मासा सोडून देतात, मग बघायचं काय?

(ह्या वेळी कॅमेऱ्याच्या पानावर चार पत्रं घेतलीत, चारही नदीकाठची. पहिल्याचं उत्तर लांबलंय, माफ करा, विषयच तसा आहे.)

प्रश्न : आमचे हे शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. पण गेले सहा महिने रात्री जेवणं उरकली की टीव्हीवर यूट्यूब लावून न्यूझीलंडच्या कुठल्यातरी नदीत मांडीभर पाण्यात उभं राहून ट्राउट नावाचे मासे पकडणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसतात. एकेक व्हिडिओ चाळीस मिनिटांचा, त्यात मासा एक मिळतो आणि तोही सोडून देतात! ह्यात बघण्यासारखं आहे काय? – एक ताई, ठाणे

उत्तर : ताई, दादांना ओरडू नका, मी पण त्यातलाच आहे. आमच्याकडे मासे चालतात, पळतात, सगळं करतात, पण ह्याचा खाण्याशी संबंध नाहीच. न्यूझीलंडमध्ये तर ट्राउट विकायलाच कायद्याने बंदी आहे, हॉटेलात मेनूवर सापडणार नाही, ज्याला खायचाय त्याने लायसन्स काढून स्वतः पकडायचा.

आता बघायचं काय. आपल्याकडे कोणी गरवायला बसलं की आपल्याला काय दिसतं? काठी, दोरी, गढूळ पाणी आणि बिडी ओढणारा एक काका. जे काही चाललंय ते सगळं खाली, पडद्याआड. दादा बघतात ते फ्लाय फिशिंग, म्हणजे खोटा किडा लावून गरवणं, आणि त्यात ड्राय फ्लाय म्हणून जो प्रकार आहे त्यात उलटं, सगळं वर आणि डोळ्यांसमोर. गळाला पिसं आणि केस गुंडाळून किडा बनवलेला असतो, आपल्या करंगळीच्या नखाएवढा, कधी त्याहून लहान, आणि तो पाण्यावर तरंगत येतो. मासा खालून बघतो, वर येतो, नाक बाहेर काढतो आणि घेतो किंवा शेवटच्या क्षणी तोंड फिरवून निघून जातो. तो विचार करताना दिसतो हो! चाळीस मिनिटांतलं दादा काय बघतात तर ते चार सेकंद, बाकीची एकोणचाळीस मिनिटं त्याची तयारी.

दुसरं म्हणजे ती दोरी. साध्या गळाला वजन बांधून आपण फेकतो, इथे किडा इतका हलका की तो फेकताच येत नाही, म्हणून वजन दोरीतच असतं आणि माणूस खरं तर दोरी फेकतो, किडा तिच्या मागून फरफटत जातो. काठी मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं (हे थांबणंच नवीन माणसाला जमत नाही, पाठीमागे फट्‌ असा चाबकासारखा आवाज येतो आणि किडा गायब) आणि मग पुढे. त्या वेळी हवेत जो वेटोळा तयार होतो तो समोरून ऊन असेल तर असा चमकतो, दोरीवरून उडणाऱ्या पाण्याच्या बारीक थेंबांसकट, की सिनेमावाल्यांना मोह आवरत नाही. १९९२ साली रॉबर्ट रेडफर्डने अमेरिकेतल्या मोंटानाच्या दोन भावांवर सिनेमा केला, अ रिव्हर रन्स थ्रू इट, ब्रॅड पिट होता त्यात, त्याला सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर मिळालं आणि त्यानंतर अमेरिकेत ज्यांनी आयुष्यात गळ धरला नव्हता असे लोक काठ्या विकत घ्यायला लागले. गंमत म्हणजे गोष्ट ब्लॅकफूट नदीवरची आणि मासेमारीची बरीचशी दृश्यं गॅलटिन नदीवर काढलेली, कारण तोपर्यंत ब्लॅकफूटची पार रया गेली होती.

पण न्यूझीलंडची गोष्टच वेगळी. तिथे दक्षिण बेटावरच्या नद्यांत मासे कमी पण मोठे, आणि पाणी इतकं नितळ की आधी मासा डोळ्यांनी शोधायचा आणि मगच त्याच्यासाठी फेकायचं, उगाच पाण्यात दोरी मारत बसायचं नाही. माझा मावसभाऊ ख्राइस्टचर्चला असतो, त्याच्याबरोबर मी एकदा अहुरीरी नदीवर गेलोय. ओमारामा गावाजवळ, आजूबाजूला पिवळं गवत, लांब डोंगर, एक माणूस नाही. तो वाकून वाकून चालतोय, मी मागे कॅमेरा घेऊन, आणि एकदम हात मागे करून म्हणतो, थांब. दिसला? मला काय दिसतंय, दगड! पाच मिनिटं तो मला सांगतोय, त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडे, हातभर पुढे, आणि मला दगडच दगड. मग त्यातला एक दगड किंचित डावीकडे सरकला. एवढंच. सरकला, आणि परत जागेवर आला. अंगावर काटा म्हणतात ना, तोच. एकदा दिसल्यावर मग शेपटी दिसायला लागली, तळावर पडलेली त्याची सावली दिसायला लागली, तोंड उघडलं की आतलं पांढरं दिसायला लागलं. आधी का दिसत नव्हता तेच कळेना.

व्हिडिओ बघणाऱ्याला हेच सुख मिळतं ताई. कॅमेरा पाण्यावर स्थिर असतो, आपण सोफ्यावर बसून शोधत असतो, आणि बायको चहा घेऊन येते तेव्हा आपण म्हणतो थांब थांब थांब.

त्या दिवशी पुढे काय झालं तेही सांगतो. तिकडचे जुने लोक म्हणतात, माशाने किडा तोंडात घेतला की लगेच काठी उचलायची नाही, मनात ‘गॉड सेव्ह द क्वीन’ म्हणायचं आणि मग उचलायची, कारण हे मोठे ब्राउन ट्राउट सावकाश तोंड मिटतात. भावाने क्वीनपर्यंत वाट बघितली की नाही माहीत नाही, मी मात्र बघितली नाही. मासा वर येताना दिसला आणि मी उत्साहाच्या भरात कॅमेराच उचलला. माझ्या फुटेजमध्ये निळं आकाश आहे, माझी टोपी आहे आणि पाठीमागून भावाच्या अस्सल मराठी शिव्या आहेत, कारण मासा त्याचाही सुटला. घरच्यांना दाखवायचं तर आवाज बंद करून दाखवतो. आणि हो, ते सॅण्डफ्लाय नावाचे किडे चावून चावून पायाची चाळण करतात ते कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही.

अजून एक सांगतो, म्हणजे दादांशी बोलायला विषय होईल. हे मासे मुळात तिकडचे नाहीतच. १८६४ साली नॉरफोक नावाच्या जहाजातून इंग्लंडहून टास्मानियाला अंडी नेली, शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून, विषुववृत्त ओलांडून! तिथे वाढवलेल्या माशांची अंडी १८६७ मध्ये न्यूझीलंडला गेली. आणि न्यूझीलंडच्या जंगलात बीच नावाच्या झाडांना काही वर्षी प्रचंड बी धरतं, मग उंदीर बेसुमार वाढतात, रात्री नदी पोहून जायला बघतात आणि ट्राउट ते उंदीर गिळून फुगतात. त्याला माऊस इयर, म्हणजे उंदरांचं वर्ष, म्हणतात आणि त्या वर्षी जगभरचे शौकीन तिकडे पळतात. दादांना विचारा, माऊस इयरचा व्हिडिओ बघितला का म्हणून. चाट पडतील.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये हिमाचलला तीर्थन व्हॅलीत चाललोय, एक मित्र फ्लाय फिशिंग करतो, मी शूट करणार. मिररलेस कॅमेरा आहे. मागे गेलो होतो तेव्हा पाणी सगळं पांढरं चमकत आलं, मासा सोडा, तळसुद्धा दिसला नाही. काय चुकलं? – नाशिकहून एक वाचक

उत्तर : चुकलं काही नाही, पोलरायझर नव्हता. पाण्यावरून परावर्तित होणारी चमक हा फिल्टर कापतो, म्हणून तर गरवणारे पण तसलेच गॉगल लावतात, तुमचा मित्र बघत होता आणि तुमचा कॅमेरा बघत नव्हता एवढाच फरक. पण नुसता लावून चालत नाही, त्याची रिंग फिरवत स्क्रीनवर बघायचं, एका जागी अचानक पडदा बाजूला केल्यासारखे दगड दिसायला लागतात. पाण्याच्या पातळीशी साधारण ३५ ते ४० अंशात बघत असाल तर सगळ्यात छान काम करतो, अगदी वरून सरळ खाली बघितलं तर काही उपयोग नाही. एक ते दोन स्टॉप उजेड खातो (म्हणजे निम्मा किंवा पावच उरतो), तेवढा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावी लागेल. आणि संध्याकाळी नदी सोन्यासारखी चमकते तो शॉट घेताना काढून ठेवा बाबा, तिथे चमकच पाहिजे असते आपल्याला, मी एकदा काढायला विसरलो आणि घरी येऊन बघतो तर सगळी संध्याकाळ मेलेली.

दोरीचा वेटोळा पाहिजे तर सूर्य समोर कुठेतरी आणि पाठीमागे काळोखी बॅकग्राउंड लागते, तीर्थनला देवदारांची सावली पलीकडच्या काठावर पडते तेव्हा सकाळी उभे राहा. ऑटोफोकस बंद, कारण एवढी बारीक दोरी त्याला सापडत नाही आणि तो मागच्या झाडावर जाऊन बसतो. मित्राच्या हातावर फोकस करून ठेवून द्या. सेकंदाला १२० फ्रेम्सवर घेतलेलं २५ वर चालवलं की जवळजवळ पाचपट हळू होतं, ते दोन-तीन वेळा वापरा, सगळा व्हिडिओ तसा केलात तर लोक झोपतील.

उभे कुठे राहता ते महत्त्वाचं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, खाणं तिकडूनच वाहत येतं म्हणून, तेव्हा तुम्ही खालच्या बाजूने म्हणजे त्याच्या पाठीमागून जायचं. त्याला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या, काठावरची सगळी दुनिया त्यात दाबून बसवलेली, म्हणून जितके वाकून राहाल तितके त्या खिडकीच्या खाली राहाल. लाल टीशर्ट नको. दगडांवर धाडधाड चालू नका. ट्रायपॉड प्रवाहात उभा केला की पाय थरथरतात आणि ते फुटेजमध्ये दिसतं, त्यापेक्षा काठावरचा मोठा दगड बरा. नदीचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून घ्या, दोन मिनिटं गप्प बसून, एडिट करताना मला दुवा द्याल.

लायसन्स मत्स्यविभागाकडून आधी काढायला सांगा मित्राला. ऑक्टोबर अगदी काठावरचा महिना आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची अंडी घालायची वेळ म्हणून बंदी असते. आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, घरघरीने मासे पण पळतात आणि बाजूला शांत बसायला आलेली माणसं पण.

प्रश्न : गळाला लावायचं, धापा टाकायला लावायचं, फोटो काढायचा आणि सोडून दिला म्हणून पुण्य घ्यायचं. हा लाइक्ससाठी छळ नाही का? – पुणे

उत्तर : थोडाफार आहे, खोटं कशाला बोलू. मासा हवेत धरून दात दाखवणारा फोटो मला स्वतःला आवडत नाही आणि तोच माशाला सगळ्यात महागात पडतो, कारण दमलेला मासा तेवढा वेळ श्वास कोंडून असतो. जे नीट करतात ते टोकाला उलटा काटा नसलेला गळ वापरतात, हात आधी ओले करतात (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो), मासा जाळीतच पाण्यात ठेवतात आणि पाणी २० अंशांच्या आसपास तापलं की त्या दिवशी काठी गुंडाळून घरी जातात. शूटिंग करणाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते, ‘अजून एकदा वर धर ना’ हे म्हणायचं नाही. तसंही हातातून सुटून मासा तळाशी विरघळून जातो तो शॉट पाण्याखालून जास्त सुंदर येतो. तरी तुम्हाला पटलं नाही तर मी वाद घालणार नाही.

प्रश्न : आमच्या सावित्री नदीत ट्राउट सोडले तर? इथेच शूटिंग होईल, पर्यटन वाढेल. – महाड

उत्तर : नको हो! एक तर ट्राउटला बर्फासारखं गार पाणी लागतं, तुमच्या मे महिन्यात तो शिजेल. काश्मीरला १८९९ मध्ये पाठवलेली पहिली अंडी वाटेतच मेली, पुढच्या वर्षीची जगली, ती सुद्धा तिथलं पाणी थंड म्हणून. दुसरं म्हणजे परका शिकारी मासा आणून सोडला की घरचे लहान मासे संपतात, न्यूझीलंडवाले ते अजून निस्तरतायत.

आणि तुम्हाला गरज काय? तुमच्या शेजारी वाळणकोंडला देवीच्या डोहात एवढाले मासे आहेत, महसीर जातीचे, कोणी धरत नाही, कुरमुरे टाकले की उसळून वर येतात. पोलरायझर लावा आणि काठावर बसा. कुरमुरे जरा कमी टाका म्हणजे ते घाई करणार नाहीत, आणि पहिला मासा वर येताना कॅमेरा उचलू नका.