तालीम सातची, शिफ्ट नऊची

हे बघ, नाटक करता करता पोटासाठी काम घेताना पगार नंतर विचार, आधी सुटायची वेळ विचार. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या हंगामात कच्च्या पावत्या लिहायचो. हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत, हे मला कळायला तीन वर्षं गेली!

दिवाळीत मात्र कापडदुकानाचं काम धरू नकोस. पैसे बरे, पण तेव्हाच तालमी रंगात येतात. एकदा मी दुकानातून निसटलो, मालकानं पंधरा दिवसांचा हिशेब बुडवला. म्हणून तारखा आधीच सांग. 'नाटक' म्हटलं की लोक हसतात, तरी सांग. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक मानलं जाणारं 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात, पण त्यानं आपलं खोलीभाडं माफ होत नाही.

एकांकिकेत मानधनाची आशा नको. प्रवासखर्च मात्र आधी ठरव, लाजू नकोस. आणि पहिल्या वर्षी नुसता नट होऊ नकोस. प्रकाशयोजना शीक, लाइटवाल्याला रोख मिळते.

संहिता पावतीपुस्तकाखाली ठेवायची. मी तशीच पाठ केली.